मुलांच्या पायांवरचे न भरणारे व्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण आणि दमट प्रदेशांतल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या नडगीवर, घोट्याभोवती आठवडेच्या आठवडे चिघळत राहणाऱ्या जखमा दिसतात. त्यांबद्दल पालक, शिक्षक आणि गावपातळीवर काम करणारे आरोग्य कर्मचारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. साधी जखम आणि व्रण यांत फरक काय? काळजी कधीपासून करायची?

खरचटले की कातडीचा फक्त वरचा पापुद्रा जातो. चार-सहा दिवसांत खपली धरते आणि ती पडल्यावर खाली नवी कातडी दिसते. व्रणात कातडीची बरीचशी जाडीच नाहीशी होते. मध्ये खड्डा पडतो, तळ ओला राहतो आणि खपली धरली तरी तिच्याखाली पाणी किंवा पू साठतो. दोन आठवडे उलटूनही जखम लहान होत नसेल, तर ‘भरेल आपोआप’ म्हणत थांबू नये.

ताप आला, भोवतालची लाली रोज पुढे सरकू लागली, कातडी काळी पडली, घाण वास सुटला किंवा मूल पाय टेकवेना, तर दोन आठवडेही थांबायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२. हा एकच रोग आहे की अनेक?

अनेक. ‘व्रण’ हे निदान नव्हे, ते नुसते वर्णन आहे. पुढची सगळी उत्तरे या एका मुद्द्यावर उभी आहेत.

या प्रदेशांतल्या मुलांत आढळणारी मुख्य कारणे अशी. पहिले यॉज. ट्रेपोनेमा पॅलिडम पर्टेन्यू हा मळसूत्रासारखा जिवाणू तो घडवतो. दुसरे हेमोफिलस डुक्रेयी. मुलांच्या पायांवरच्या व्रणांत त्याचा एवढा वाटा असेल हे फार उशिरा, गेल्या दहा-पंधरा वर्षांतच ध्यानात आले. तिसरे स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस, म्हणजे नेहमीचे पू करणारे जंतू. चौथा बुरुली व्रण, ज्याचा जिवाणू क्षय आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूंच्या घराण्यातला आहे. पाचवा तथाकथित ‘उष्णकटिबंधीय व्रण’. त्यात फ्युसोबॅक्टेरियम आणि इतर जंतू एकत्र वाढतात. तो गुडघ्याखाली होतो, भराभर पसरतो, ठणकतो आणि त्याला दुर्गंधी येते. कधीमधी कातडीचा घटसर्पही निघतो, विशेषतः लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलांत. आणि लीशमॅनिया या परजीवीचा व्रण जिवाणूचा नसूनही अगदी यांच्यासारखाच दिसतो.

३. नुसते बघून ओळखता येतो का? आमचे जुने कर्मचारी तर लांबून सांगतात.

अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. पुस्तकातली लक्षणे सांगतो. यॉजची गाठ तुतीच्या फळासारखी खडबडीत आणि उंचवट्याची असते, वर पिवळसर खपली असते आणि ती सहसा दुखत नाही. तिचा व्रण झाला की कडा गोल आणि स्पष्ट दिसतात. डुक्रेयीचा व्रण बहुधा वेडावाकडा असतो आणि हात लावला की दुखतो. बुरुली सुरुवातीला दुखत नाही. त्याच्या कडा आतून पोखरलेल्या असतात, म्हणजे वरून दिसतो त्यापेक्षा व्रण कातडीखाली बराच पसरलेला असतो.

प्रत्यक्षात मात्र ही लक्षणे एकमेकांत मिसळतात. पापुआ न्यू गिनीच्या लिहिर बेटावर वर्षानुवर्षे असे सगळे व्रण यॉज म्हणूनच मोजले जात. तिथल्या ९० रुग्णांच्या व्रणांतले नमुने पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने, पाहिले, तेव्हा सुमारे ६० टक्क्यांत हेमोफिलस डुक्रेयी निघाला. यॉज निघाला तो साधारण एक तृतीयांशात, आणि काहींत दोन्ही जिवाणू एकाच वेळी होते. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सॉलोमन बेटे, वानुआतू आणि घाना इथेही डुक्रेयी सापडला. तेव्हा अनुभवी डोळ्याला मान द्या, पण नोंदवहीत ‘यॉज’ लिहिण्याआधी ‘संशयित’ हा शब्द जोडा.

४. मग कोणती तपासणी करायची?

बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी झटपट तपासणी मिळते. तिच्यावर दोन रेषा वाचायच्या असतात. एक सांगते की ट्रेपोनेमाचा संसर्ग कधी ना कधी झाला होता, दुसरी सांगते की तो सध्या सक्रिय आहे. दोन्ही उमटल्या तर यॉजची शक्यता भक्कम होते. मात्र ही तपासणी फक्त ट्रेपोनेमापुरती आहे. ती निगेटिव्ह आली म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ होत नाही. यॉज नसेल, पण बाकीची यादी शिल्लक असते. शिवाय संसर्ग अगदी ताजा असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते.

उलटही घडते. पूर्वी होऊन गेलेल्या, पण रक्तात खूण राहिलेल्या यॉजमुळे तपासणी पॉझिटिव्ह येते आणि आजचा व्रण मात्र डुक्रेयीचा असतो. खरे उत्तर व्रणाच्या तळातून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआरमधून मिळते. डुक्रेयी प्रयोगशाळेत वाढवणे फार कटकटीचे असते, म्हणून कल्चर सहसा उपयोगी पडत नाही.

५. लहान मुलांनाच का होतात? आणि पायांवरच का?

यॉजचे बहुतेक रुग्ण १५ वर्षांखालचे असतात. त्यातही ६ ते १० या वयात त्याचा जोर जास्त. हे जिवाणू धडधाकट कातडीतून आत शिरू शकत नाहीत, त्यांना फट लागते. धावताना लागलेला दगड, काटा, डास चावल्यावर नखाने उकरलेली पुळी अशा फटी सगळ्यात जास्त गुडघ्याच्या खाली पडतात. मुले उघड्या पायांनी एकमेकांना चिकटून खेळतात, एका अंथरुणात झोपतात. ओलसर हवेत जखम लवकर वाळत नाही. एवढे जमले की जिवाणूला आणखी काही लागत नाही.

६. एकाचे दुसऱ्याला लागते का? शाळेत पाठवावे का?

यॉज आणि डुक्रेयी लागतात, जखमेतल्या पाण्याचा दुसऱ्याच्या फुटलेल्या कातडीशी संपर्क आला की. पू करणारे जंतूही असेच पसरतात. बुरुली एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, त्या मुलाला वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही.

व्रण नीट झाकलेला असेल आणि उपचार सुरू झाले असतील तर मुलाला शाळेत पाठवावे. उघडा, वाहता व्रण घेऊन मात्र पाठवू नये. मूल लंगडत शाळेत येते, माशा बसतात, बाकीची मुले सरकून बसतात आणि मग ते शाळेत यायचेच थांबते. असे होऊ द्यायचे नसेल तर शाळेतच पट्टी बांधायची सोय ठेवणे सगळ्यात सोपे.

७. अहवालात हेमोफिलस डुक्रेयी लिहिले आहे. इंटरनेटवर पाहिले तर हा लैंगिक रोगाचा जिवाणू म्हणतात. आमच्या मुलाच्या बाबतीत काही वाईट घडले आहे का?

पायावरच्या व्रणात हा जिवाणू सापडला, एवढ्यावरून तसा निष्कर्ष मुळीच काढू नका. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या लिहिण्यातूनच त्यांची झोप उडालेली कळते, म्हणून आधी उत्तर आणि मग कारण.

हा जिवाणू विसाव्या शतकभर शांक्रॉइड या जननेंद्रियांवरच्या व्रणाचे कारण म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि बहुतेक संकेतस्थळांवर तेवढेच सापडते. पण पॅसिफिक बेटांवर जाऊन आलेल्या प्रवाशांच्या आणि तिथल्या मुलांच्या पायांवर तो आढळू लागला, तेव्हा चित्र बदलले. मुलांत तो रोजच्या साध्या स्पर्शाने, खरचटलेल्या कातडीतून शिरतो. लिहिर बेटावरच्या अभ्यासात त्याच्या खुणा व्रण नसलेल्या मुलांच्या कातडीवर, अंथरुणांवर आणि माशांवरही मिळाल्या. नडगीवर वा पावलावर व्रण, वस्तीत आणखी मुलांना तसेच व्रण, हे चित्र नेहमीच्या पसरण्याचे आहे.

अपवाद स्पष्ट सांगायला हवा. व्रण जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराजवळ असेल तर जिवाणू कोणताही निघो, बालरोगतज्ज्ञाकडून स्वतंत्र आणि संवेदनशील तपासणी व्हायलाच हवी. तिथे ‘हे तर नेहमीचेच’ म्हणून सोडून देऊ नये.

८. मुलीच्या पायावर व्रण होता, डॉक्टरांनी व्हीडीआरएल केली, ती पॉझिटिव्ह आली. सिफिलिस झाला का?

यॉज आणि सिफिलिस हा लैंगिक रोग यांचे जिवाणू इतके जवळचे आहेत की नेहमीच्या रक्ततपासणीला त्यांच्यातला फरक कळत नाही. व्हीडीआरएल, आरपीआर, टीपीएचए या सगळ्या दोन्हींत पॉझिटिव्ह येतात. म्हणून वय, राहण्याचे ठिकाण, व्रणाची जागा, आईची गरोदरपणातली तपासणी आणि आजूबाजूची मुले हे सगळे पाहून अर्थ लावावा लागतो. जिथे यॉज आहे तिथल्या आठ वर्षांच्या मुलीच्या नडगीवर व्रण असेल, तर पहिला संशय यॉजचाच. यॉज नसलेल्या भागात असा अहवाल आला तर मात्र तज्ज्ञांकडून खोलात तपास करून घ्यावा.

आणखी एक. टीपीएचए बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. उपचाराचा परिणाम पाहायचा तो आरपीआर किंवा व्हीडीआरएलच्या पातळीवरून. ती हळूहळू, काही महिन्यांत उतरते. दर महिन्याला टीपीएचए करत बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

९. उपचार काय? एकदाच औषध देऊन भागते हे खरे का?

यॉजसाठी खरे आहे. अझिथ्रोमायसिन तोंडाने, एकदाच, वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम. लहान मुलांना पातळ औषध मिळते. याआधी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देत. पापुआ न्यू गिनीत ओरिओल मित्झा आणि सहकाऱ्यांनी २५० मुलांवर दोन्हींची तुलना केली. सहा महिन्यांनी अझिथ्रोमायसिन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के आणि इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९३ टक्के बरे झाले होते. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपले धोरण गोळीवर आणले. सुई नाही, शीतपेटी नाही, इंजेक्शन देणारा प्रशिक्षित माणूस शोधायला नको. दुर्गम वस्तीत काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पेनिसिलिन मात्र मोडीत निघालेले नाही, ते राखीव आहे (प्रश्न १३ पाहा).

डुक्रेयीचे व्रणही अझिथ्रोमायसिनने भरतात. बाकीच्यांचे औषध वेगळे. पू करणाऱ्या जंतूंना काही दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लागतो, उष्णकटिबंधीय व्रणाला पेनिसिलिनसोबत मेट्रोनिडाझोल देतात, बुरुलीला आठ आठवडे दोन औषधे (प्रश्न १५). म्हणून शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला परस्पर देऊ नये. मात्रा वजन करूनच ठरवावी, आणि हृदयाचा आजार किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावे. मळमळ, पोटात कळ, पातळ जुलाब हे त्रास होतात, ते बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात.

१०. घरी ड्रेसिंग कसे करावे?

औषधाइतकेच हे महत्त्वाचे, आणि नेमके इथेच दुर्लक्ष होते. आधी साबणाने हात धुवा. जुनी पट्टी ओढून काढू नका. उकळून गार केलेले पाणी तिच्यावर धरा, पाच-दहा मिनिटे भिजू द्या, मग ती कडेकडून सुटत येते. कोरडी पट्टी ओढली की नुकता धरू लागलेला लाल, दाणेदार थर तिच्यासोबत निघतो, रक्त येते आणि भरत आलेली जखम पुन्हा मागे जाते. मूल पट्टीच्या नावाने रडू लागते ते यामुळेच.

व्रण त्याच पाण्याने धुवा, भोवतालची कातडी साबणाने. पाणी टिपून घ्या. आतला थर न चिकटणारा हवा. तसे कापड नसेल तर गॉजला व्हॅसलीन लावून ठेवा. वर कोरडी घडी आणि सैलसर पट्टी. पट्टी बोटांकडून गुडघ्याकडे गुंडाळत जावे, म्हणजे पाय सुजत नाही. बोटे उघडी ठेवा. ती थंड किंवा निळसर दिसली तर पट्टी घट्ट झाली. पट्टी भिजली की बदलायची, नाहीतर दिवसाआड. झोपताना पाय उशीवर. आणि धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते कार्डावर पाहून घ्या.

११. राख, पाल्याचा लेप, टूथपेस्ट किंवा कॅप्सूल फोडून तिची भुकटी लावली तर?

लावू नये. राख आणि पाला यांतून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात, टूथपेस्टने कातडी पोळते. कॅप्सूलची भुकटी वर घट्ट पापडी करते आणि खाली पू साठत राहतो. ‘वरून वाळली’ म्हणजे भरली असे नव्हे.

१२. अख्ख्या गावाला गोळ्या दिल्या. यॉज गेला असे सांगितले. वर्षभराने पुन्हा तसेच व्रण. औषध खोटे होते का?

औषध खोटे नव्हते. ‘यॉज गेला’ आणि ‘व्रण गेले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि सांगणाऱ्याने ती एक करून टाकली, घोळ तिथे झाला.

यॉजमध्ये दिसणाऱ्या एका रुग्णामागे बाहेरून काहीच न दिसणारे, पण रक्तात संसर्ग असलेले अनेक जण असतात. त्यांच्यापैकी कुणाचाही पुढे व्रण फुटू शकतो. म्हणूनच व्रण असलेल्यांनाच नव्हे तर सगळ्यांना औषध द्यायचे. औषधवाटपाच्या दिवशी कुणी शेतावर, कुणी परगावी गेलेले असते. तेवढे जण सुटले तरी साखळी शिल्लक राहते. पापुआ न्यू गिनीच्या न्यू आयर्लंड प्रांतात सर्वांना एकदाच औषध देणे (पुढच्या दोन फेऱ्यांत फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातले) आणि सर्वांना सहा-सहा महिन्यांनी तीनदा देणे यांची तुलना झाली. १८ महिन्यांनी सक्रिय यॉजचे प्रमाण पहिल्या गटात ०.४६ टक्क्यावरून ०.१६ वर आले, दुसऱ्या गटात ०.४३ वरून ०.०४ वर. २०२२ मधले हे निष्कर्ष वाचून माझे मत पक्के झाले आहे की एक फेरी करून फटाके वाजवणे घाईचे आहे.

डुक्रेयीचे गणित आणखी अवघड. त्याच गोळीने तो व्रण भरतो, पण एकदा होऊन गेल्यावर संरक्षण मिळत नाही, पुन्हा पुन्हा होतो. निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही तो असतो (प्रश्न ७). त्यामुळे गोळ्यांच्या फेरीनंतर यॉज तळाला जातो, आणि उरलेल्या व्रणांत डुक्रेयीचा वाटा उठून दिसतो. पाणी, साबण, पट्टी आणि खरचटल्याबरोबर धुण्याची सवय याला पर्याय नाही.

१३. औषध देऊन चार आठवडे झाले, व्रण जसाच्या तसा आहे. आता काय?

आधी साधे प्रश्न विचारा. वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा दिली का? घेतल्याबरोबर उलटी झाली का? व्रण झाकलेला राहिला का? मग निदान पुन्हा तपासा (प्रश्न ३ आणि ४), कारण न भरणारा ‘यॉज’ बरेचदा यॉज नसतोच.

यॉज सिद्ध असूनही भरत नसेल तर औषधाला न जुमानणारा जिवाणू असू शकतो. लिहिर बेटावर सामूहिक उपचारानंतर काही वर्षांनी असे मोजके रुग्ण सापडले. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि बेंझाथिन पेनिसिलिन द्यावे : १० वर्षांखाली ६ लाख युनिट, त्यापुढे १२ लाख. हे इंजेक्शन अजून हमखास लागू पडते. अझिथ्रोमायसिनच पुन्हा पुन्हा देत राहू नये.

१४. आधी खरूज होती, खाजवून फोड आले, आता व्रण झालेत. कशावर उपचार करायचा?

दोन्हींवर, आणि घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी. खाज थांबली नाही तर नखे नव्या जखमा करतच राहतात. फिजीमध्ये वस्तीतल्या सर्वांना आयव्हरमेक्टिन हे खरुजेचे औषध दिल्यावर वर्षभरात खरुजेचे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ वर आले आणि पू होणाऱ्या फोडांचेही २४.६ वरून ८ टक्क्यांवर. फोडांसाठी वेगळे औषध न देता हा फरक पडला.

अशा मुलांत एक गोष्ट विसरू नका. कातडीवरचा स्ट्रेप्टोकोकस बरा झाल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी डोळ्यांभोवती फुगलेपण, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची झाली तर लगेच दाखवा, व्रण भरलेला असला तरी.

१५. बुरुली व्रण म्हणजे नेमके काय?

मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स हा जिवाणू मायकोलॅक्टोन नावाचे विष सोडतो. ते कातडी आणि तिच्याखालची चरबी मारते, तिथल्या नसा बधिर करते आणि प्रतिकारशक्तीला झोपवते. म्हणून दुखत नाही, तापही नसतो आणि घरचे गाफील राहतात. सुरुवात कातडीखालच्या न दुखणाऱ्या, सरकणाऱ्या गाठीने किंवा पायाच्या सुजेने होते. पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे घाना, बेनिन, कोत दिव्वार इथे, रुग्णांत मुलांचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रेलियात हाच रोग प्रामुख्याने मोठ्यांत दिसतो.

रिफाम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन आठ आठवडे द्यायचे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये. गाठ असतानाच उपचार झाले तर शस्त्रक्रिया बहुधा टळते.

१६. बुरुलीचे औषध चालू असताना व्रण मोठा झाला, शेजारी नवीन गाठही आली. औषध बंद करू का?

नाही. जिवाणूचे विष (प्रश्न १५) कमी झाले की झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्या जागी एकदम सूज, पू, लाली दिसू लागते. हे उपचार चुकल्याचे लक्षण असेलच असे नाही. डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून डोस थांबवू नका. इतर व्रणांना हे लागू नाही, तिथे बिघाड म्हणजे बिघाडच (प्रश्न १३).

१७. यॉज जगातून केव्हाच गेला ना?

जवळजवळ गेला होता. १९५२ ते १९६४ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ४६ देशांत मोहीम राबवली, सुमारे ५ कोटी लोकांना पेनिसिलिन दिले आणि रोग ९५ टक्क्यांनी घटला. मग मोहिमा गुंडाळल्या गेल्या, उरलेल्या पाच टक्क्यांकडे कुणी पाहिले नाही आणि १९७० च्या दशकात तो परतला. भारताने १९९६ मध्ये ओडिशातल्या कोरापुटपासून घरोघर शोध सुरू केला. शेवटचे रुग्ण २००३ मध्ये सापडले आणि मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश यॉजमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. तेही अझिथ्रोमायसिनने नव्हे, पेनिसिलिनच्या इंजेक्शनने. पॅसिफिक बेटे आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेत यॉज अजून आहे.

१८. व्रण भरला, पण मूल पाय सरळ करत नाही. वेळेबरोबर सुटेल का?

आपोआप सुटत नाही. सांध्यावरचा व्रण भरताना कातडी आवळते आणि गुडघा किंवा घोटा वाकलेल्या स्थितीत अडकतो. व्यायाम व्रण भरण्याची वाट न पाहता, पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करायचे असतात. झोपताना पाय सरळ ठेवणारी पट्टी बांधतात. आखडल्यावर फिजिओथेरपीने काही सुटते, जास्त असेल तर शस्त्रक्रिया लागते. यॉजमध्ये उपचार न झाल्यास पुढे नडगीचे हाडच वाकू शकते, तेव्हा दुखणे सांध्यात आहे की हाडात हे एक्स-रे काढून ठरवावे. आणि व्रण वर्षानुवर्षे उघडा राहिला असेल, कडा जाड, फुलकोबीसारख्या उंच होऊ लागल्या असतील, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवावा. अशा जुन्या व्रणांत कातडीचा कर्करोग होऊ शकतो.